मांजराला फळे खाऊ म्हणून द्यावीत का?

खिडकीतली चिंगी

आमच्या चिंगीला सहा वर्षे पूर्ण झाली. वजन साधारण चार किलो, नसबंदी झालेली आणि घराबाहेर पाऊल न टाकणारी. खाण्याच्या बाबतीत ती इतकी चिकित्सक आहे की ओल्या खाद्याचा डबा उघडून तास उलटला, तर त्यातल्या घासाला ती तोंडही लावत नाही. अशी ही मांजर खरबूज चिरायला घेतले की गाढ झोपेतून उठून येते. सुरीच्या आवाजाने तिला कळते की वासाने, हे मला अजून उमगलेले नाही. पण क्षणात ती ओट्याखाली हजर होते, मागच्या पायांवर उभी राहून एक पंजा माझ्या गुडघ्याला टेकवते आणि घशातल्या घशात बारीक आवाज काढत राहते. साल हातात धरून पुढे केली की आतला ओलसर गर ती खरखरीत जिभेने असा चाटते की सालीवर बारीक रेघांची नक्षी उमटते. चावून मात्र ती फारसे काही खात नाही.

दोन-तीन वर्षे हा प्रकार आम्ही कौतुकाने चालवून घेतला. गेल्या आठवड्यात पाहुणे आले असताना एका काकूंनी मायेने चिंगीपुढे द्राक्ष ठेवले आणि माझ्या धाकट्या भावाने ते झडप घालून उचलले. द्राक्षांनी मूत्रपिंडे निकामी होतात असे त्याने कुठेतरी वाचले होते. काकूंना ते लागले. फळ हे निसर्गाचे देणे, त्यात जीवनसत्त्वे असतात, ते मुक्या जनावराला कसे बाधेल, असे त्यांचे म्हणणे. आणि मांजर मांसाहारी असल्यामुळे तिला फळाचा कणही देऊ नये, असे भावाचे. दोघेही इतक्या खात्रीने बोलत होते की मला दोघांचाही संशय आला.

आजवर मी दिले त्यात माझी चूक झाली का, कोणती फळे खरोखर वर्ज्य आहेत आणि देता येतील त्यांचे प्रमाण किती असावे, एवढे मला समजून घ्यायचे आहे. अनुभव आणि माहिती दोन्हींचे स्वागत आहे. मात्र कोणती गोष्ट अनुभव आहे आणि कोणती माहिती, हे कृपया स्पष्ट लिहावे.

शेपटीचे टोक

चिंगीची गंमत वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती खरबुजाकडे धावते ते गोडव्यासाठी नव्हे, कारण गोड चव तिला कळतच नाही. जिभेवर गोड चव टिपणारा ग्राहक (रिसेप्टर) दोन प्रथिनांच्या जोडीतून तयार होतो, आणि त्यांपैकी एका प्रथिनाचे जनुक मांजरकुळात निकामी झालेले आहे. फिलाडेल्फियातील मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरच्या संशोधकांनी २००५ साली हे दाखवून दिले: त्या जनुकातली २४७ अक्षरे गळून गेली आहेत आणि त्यामुळे पुढचे सारे वाक्यच निरर्थक झाले आहे. घरच्या मांजराबरोबर वाघ आणि चित्ता यांच्यातही त्यांना हाच बिघाड आढळला.

मग ओढ कशाची? खरबुजाच्या सुगंधातली कित्येक द्रव्ये अमिनो आम्लांपासून आणि मेदाम्लांपासून तयार होतात, आणि मांसाच्या वासाचे मूळही बऱ्याच अंशी त्यांच्यातच असते. तेव्हा तिच्या नाकाला खरबूज हे कुठल्यातरी मांसाचे दूरचे नातेवाईक वाटत असावे, असा एक तर्क केला जातो. तो मला पटतो. पण तो तर्क आहे, एवढे लक्षात असू द्यावे.

पांढरा कोट

मी पशुवैद्य आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत निम्म्याहून अधिक मांजरे असतात. चिंगीच्या ताईंनी विचारलेला प्रश्न मला वारंवार विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भावाचे अर्धे बरोबर आहे. मांजर हा मिश्राहारी होऊ शकणारा प्राणी नाही. तिच्या शरीराची घडणच मांसावर बेतलेली आहे. तिच्या लाळेत पिष्ट पचवणारा अमायलेज हा विकर नसतो, स्वादुपिंडातून तो स्रवतो तोही कुत्र्याच्या तुलनेत अगदी थोडा, आणि जेवणानंतर रक्तात एकदम आलेली साखर चटकन उचलून घेण्याची जी यंत्रणा आपल्या यकृतात असते, ती तिच्या यकृतात जवळजवळ बंदच असते. टॉरिन हे द्रव्य तिला अन्नातूनच मिळावे लागते आणि ते फळांत नसते. खाद्यात टॉरिन कमी पडल्यामुळे मांजरांचे हृदय फुगून दुबळे होते, हे १९८७ साली सिद्ध झाले आणि त्यानंतर तयार खाद्यातले त्याचे प्रमाण वाढवण्यात आले. म्हणून कोणी जेवणाच्या जागी फळ देऊ पाहत असेल, तर त्याला माझे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे.

काकूंच्या जीवनसत्त्वांबद्दल थोडे. क जीवनसत्त्व मांजर आपल्या यकृतात स्वतः तयार करते. आपल्याला ते जमत नाही, म्हणून आपल्याला फळांची इतकी महती. आंबा, पपई, खरबूज यांना केशरी रंग देणाऱ्या कॅरोटीनपासून आपले शरीर अ जीवनसत्त्व बनवते, मांजरीचे शरीर बनवू शकत नाही; तिला ते यकृत, मासे यांसारख्या प्राणिज अन्नातून तयार स्वरूपातच मिळावे लागते. फळातली जी गोष्ट आपण तिला पौष्टिक म्हणून देतो, ती तिच्या दृष्टीने निव्वळ रंग असते.

परंतु ‘उपयोगाचे नाही’ आणि ‘विषारी आहे’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि इथे भावाचे उरलेले अर्धे चुकते. खरबूज, कलिंगड, केळे, साल आणि बिया काढलेले सफरचंद, स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी यांचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा निरोगी मांजरीने खाल्ला, तर तिला काहीही होत नाही. फार तर दुसऱ्या दिवशी मातीच्या ट्रेमध्ये शी थोडी सैल दिसेल.

वर्ज्य फळांत पहिला मान द्राक्षांचा, आणि त्यांच्याबरोबर बेदाणे व मनुकांचा. द्राक्षे खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडे बंद पडतात, हे २००१ च्या सुमारास ठळकपणे लक्षात आले. कित्येक वर्षे कारण सापडत नव्हते. २०२१ साली द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले गेले, आणि हे आम्ल वाणानुसार व पिकण्याच्या अवस्थेनुसार कमीजास्त होत असल्याने एक कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो आणि दुसरा चार दाण्यांत आडवा होतो, याचाही उलगडा होऊ लागला. मांजरांमधल्या घटनांची नोंद फारच थोडी आहे, कारण मांजरे मुळात द्राक्षे खायला जात नाहीत. परंतु सुरक्षित मात्रा ठरलेली नसताना आणि त्या फळाचा तिला कसलाच लाभ नसताना मी ते देऊ देणार नाही. तेव्हा झडप घातल्याबद्दल भावाचे अभिनंदन. टार्टारिक आम्ल चिंचेतही भरपूर असते; तीही दूरच ठेवावी.

लिंबू, संत्रे, मोसंबी या वर्गाचा गर तोंडात गेला तर मांजर बहुधा स्वतःच थुंकून टाकते. धोका सालीत आहे, कारण सालीतल्या तेलात लिमोनीन आणि लिनालूल ही द्रव्ये असतात. अशी द्रव्ये शरीराबाहेर काढण्यासाठी आपले यकृत जी एक जोडणीची प्रक्रिया वापरते, ती मांजरीत फार दुबळी आहे. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते, तिच्या मुळाशीही हीच उणीव आहे.

पीच, जर्दाळू, आलुबुखार, चेरी यांच्या गरापेक्षा आतल्या कोयीची भीती अधिक. कोयीत सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते हे खरे. पण त्यासाठी ती फुटावी लागते, आणि मांजर काही कोय फोडत बसत नाही. माझ्या अनुभवात प्रश्न येतो तो खेळता खेळता गिळलेली कोय आतड्यात अडकण्याचा. तसेच सफरचंदाची एखादी बी अख्खी पोटात गेली म्हणून रात्रभर जागण्याचे कारण नाही. अॅव्होकॅडोतले पर्सिन हे विषारी द्रव्य पक्षी, ससे आणि शेळ्यांना जितके बाधते तितके मांजरांना बाधत नाही; मात्र त्यातली चरबी पोट बिघडवते आणि बी घशात अडकण्याजोगी असते, त्यामुळे तेही नकोच. कच्चे हिरवे टोमॅटो आणि टोमॅटोची पाने यांपासूनही मांजरीला लांब ठेवावे.

तीन बोके एक सोफा

डॉक्टरांच्या ज्ञानाबद्दल आदर ठेवून लिहितो. आमच्याकडे तीन बोके आहेत आणि त्यांतला थोरला चौदा वर्षांचा आहे. तो रोज सकाळी माझ्या वाट्यातले केळे खातो, उन्हाळ्यात कलिंगड खातो, आणि लहानपणी त्याने द्राक्षेही खाल्ली आहेत. आजवर त्याला कधी सलाइन लावावे लागलेले नाही. पूर्वी घरोघरी मांजरे पानात उरलेले सगळे खात आणि तरी जगत. आता प्रत्येक घासामागे विषाची भीती घालून आपण पाळणाऱ्यांचे सुख हिरावून घेत आहोत, असे मला वाटते. शिवाय कलिंगडात पाणी असते आणि मांजरे पाणी कमी पितात अशी तक्रार तर तुम्हीच मंडळी करता.

पांढरा कोट

दादा, तुमचा बोका चौदा वर्षांचा आणि ठणठणीत आहे याचा मला मनापासून आनंद आहे, आणि त्याचे केळे मी बंद करायला सांगितलेले नाही. फक्त ते मोजा, एवढेच म्हणेन. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी पुरतात. वरखाऊ त्याच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये असा आम्हा लोकांचा दंडक आहे. म्हणजे झाल्या २० किलोकॅलरी. शंभर ग्रॅम केळ्यात सुमारे ८९ किलोकॅलरी असतात. याचा अर्थ मध्यम आकाराच्या केळ्याचा पाचवा हिस्सा खाल्ला की त्या दिवसाचा सगळा खाऊ संपला. त्यानंतर दुपारचे बिस्कीट नाही आणि संध्याकाळी चाटायला मऊ पेस्टही नाही. तुमच्या वाट्यातले ‘थोडेसे’ केळे हे त्याच्या मापाने किती मोठे पान आहे, ते यावरून ध्यानात यावे.

द्राक्षांबद्दल मी तुमच्याशी सहमत होऊ शकत नाही. तुमच्या बोक्याला काही झाले नाही, यावरून एवढेच ठरते की त्या बोक्याने त्या दिवशी खाल्लेल्या त्या द्राक्षांनी काही केले नाही. पूर्वीची मांजरे सगळे खाऊन जगत, हेही मी ऐकत आलो आहे. त्यांतली बरीच तीन-चार वर्षांत नाहीशी होत आणि ‘कुठेतरी निघून गेली’ असे आपण म्हणत असू. ती कशाने गेली हे कोणी तपासत नसे.

पाण्याचे म्हणणे रास्त आहे, पण हिशेब लहान आहे. कलिंगडात सुमारे ९२ टक्के पाणी असते. वीस ग्रॅमचा तुकडा दिला, आणि मांजरीच्या मानाने तो मोठाच तुकडा झाला, तर जेमतेम अठरा मिलिलिटर पाणी पोटात जाते. चार किलोच्या मांजरीला अन्नपाणी मिळून दिवसाला २०० मिलिलिटरच्या आसपास पाणी लागते. कोरड्या खाद्यात ते दहा टक्क्यांच्या आतबाहेर असते आणि ओल्या खाद्यात पाऊणपटीहून अधिक. तेव्हा पाण्याचीच काळजी असेल, तर एक वेळ ओले खाद्य द्यावे आणि त्यात दोन चमचे कोमट पाणी कालवावे. कलिंगडापेक्षा ते केव्हाही अधिक पदरात टाकते.

उंबरठ्यावरची

लिंबाच्या सालीचा उल्लेख वाचून मला माझी जुनी चूक लिहावीशी वाटते, कारण ती आणखी कोणाच्या हातून होऊ नये.

आमच्या मांजरीला पिसवा झाल्या होत्या. औषधाच्या थेंबांवर माझा विश्वास नव्हता आणि घरगुती उपायांवर अवाजवी होता. लिंबाच्या आणि संत्र्याच्या साली रात्रभर गरम पाण्यात ठेवून सकाळी त्या पाण्याने तिचे अंग पुसावे, म्हणजे पिसवा पळतात, असे कोणीतरी सांगितले होते. मी फडके भिजवून तिची पाठ, मान आणि पोट चांगले ओले केले. ती कोपऱ्यात जाऊन अंग चाटू लागली. स्वच्छतेची हौस आहे, असे वाटून मी हसलेही. तासाभराने तिच्या तोंडातून दोरीसारखी लाळ लोंबत होती, ती डोके सारखे झटकत होती, आणि चालताना तिचे मागचे पाय एकमेकांत अडकत होते. दवाखान्यात तिला साध्या सौम्य साबणाने धुतले, अंग उबदार ठेवले आणि संध्याकाळपर्यंत निगराणीखाली ठेवले. ती वाचली. त्यानंतर किती तरी दिवस मी संत्रे सोलायला घेतले की ती खोलीतून उठून जात असे.

मी तिला फळ खायला दिलेच नव्हते, पण अंगावर लावले ते शेवटी तिच्या पोटातच गेले.

पांढरा कोट

ताई, हे मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल आभार. मांजरीच्या अंगावर जे लागते ते तिच्या जिभेवर येते, ही गोष्ट फळांच्या चर्चेत सहसा कोणी आणत नाही. एके काळी लिमोनीन असलेली पिसवांची तयार औषधेही वापरात होती, आणि त्यांची मात्रा चुकल्यामुळे मांजरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी पशुवैद्यकाच्या साहित्यात आहेत. संत्र्याच्या तेलाचे सुगंधी दिवे आणि फवारे यांनाही हेच लागू आहे.

याला जोडून आणखी एक. ताज्या फळाबद्दल लोक विचारतात; जॅम, सरबत, फळांचे दही, डब्यातली फळे यांबद्दल कोणी विचारत नाही. टिकाऊपणासाठी घातले जाणारे बेन्झोएट मांजरांना माणसांपेक्षा बऱ्याच कमी मात्रेत बाधते, कारण त्यांच्या यकृतातली तीच उणीव तिथेही आड येते. सुकामेव्याच्या केकमध्ये बेदाणे असतात. लहान मुलांच्या तयार फळभाज्यांच्या लगद्यात कांद्याची किंवा लसणाची पूड असू शकते, आणि मांजरीच्या तांबड्या पेशी कांद्यापुढे फार लवकर हार मानतात. बरणीवरचा घटकांचा मजकूर वाचल्याशिवाय बोट चाटायला देऊ नये.

नवा पाहुणा

आमच्या पाच महिन्यांच्या पिल्लाने काल केकचा तुकडा पळवला आणि त्यात बेदाणे होते. किती गेले ते नक्की सांगता येत नाही; दोन असावेत. एका जाणत्या स्नेह्यांनी मिठाचे पाणी पाजून उलटी करवायला आणि मग दोन दिवस उपाशी ठेवायला सांगितले आहे. पिल्लू सध्या पडद्यावर चढून बसले आहे आणि खाली यायला तयार नाही. काय करावे?

पांढरा कोट

मिठाचे पाणी पाजू नका. मिठाने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीला जाते आणि पिल्लाच्या बाबतीत ते बेदाण्यांपेक्षा जास्त घातक ठरू शकते. कुत्र्यांसाठी सांगितला जाणारा हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपायही मांजरांना वापरायचा नसतो. त्याने जठराच्या आतल्या अस्तराला जखमा होऊन रक्तस्राव होतो. उलटी करवायची असेल, तर ती दवाखान्यातच, इंजेक्शन देऊन करवतात, आणि तीही खाल्ल्यानंतर लवकर नेले तरच उपयोगी पडते.

उपाशी ठेवण्याचा सल्लाही मनातून काढून टाका. मांजरांनी दोन-तीन दिवस अन्न सोडले की साठवलेली चरबी यकृतात येऊन साचू लागते. हा आजार अंगाने भरलेल्या मांजरांत अधिक दिसतो, पण पिल्लाला साखर कमी होण्याचा धोका त्याहून आधीच असतो.

आपल्या पशुवैद्यांना आत्ताच दूरध्वनी करा. पिल्लाचे वजन, खाल्ल्याची वेळ, अंदाजे किती बेदाणे गेले आणि केकमध्ये आणखी काय होते, एवढे हाताशी ठेवा. केकचे वेष्टन टाकले नसेल, तर तेही सोबत न्या. पुढचे तीन दिवस ट्रेमधल्या लघवीच्या गोळ्यांवर लक्ष ठेवावे: ते नेहमीपेक्षा कमी झाले, किंवा एकदम फार वाढले, किंवा पिल्लू सारखे ओकू लागले आणि मलूल दिसले, तर वाट पाहू नये. पडद्यावर चढण्याइतका जोर आहे, हे मात्र चांगले लक्षण आहे.

नवा पाहुणा

दवाखान्यात जाऊन आलो. रक्त तपासले, मूत्रपिंडांचे आकडे योग्य आहेत, उद्या पुन्हा तपासणार आहेत. पडदा मात्र बदलावा लागेल.

हिरवी वेल

किवीचे कोणी नाव काढले नाही, म्हणून एक लहानशी भर घालते. मांजरांना नशा आणणाऱ्या वनस्पती म्हटल्या की सगळ्यांना कॅटनिप आठवते. पण किवीच्या कुळातच सिल्व्हर वाइन नावाची एक वेल आहे आणि तिच्या पानांवर मांजरे अक्षरशः लोळण घेतात. जपानमधल्या इवाते विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली त्यामागचे नेपेटालॅक्टॉल हे द्रव्य ओळखले आणि ते अंगाला चोळले गेल्याने डास कमी बसतात, असेही दाखवले. किवीची लागवड करणाऱ्यांना कोवळी रोपे मांजरांपासून राखावी लागतात, कारण ती त्यांची मुळे उकरतात आणि खोडाला अंग घासतात.

हे सांगायचे कारण असे की माझी मांजर किवीच्या फळाकडे ढुंकूनही पाहत नाही, पण कुंडीतल्या वेलीवर तिचा जीव आहे. मांजर एखाद्या फळाशी लगट करते म्हणजे तिला ते खायचेच असते, असे समजू नये. फळांच्या परडीत एक द्राक्ष सुटे सापडले की ती ते पंजाने ढकलत फ्रिजखाली घालते आणि रात्री अडीच वाजता ते बाहेर काढायचा प्रयत्न करते. म्हणून आता परडीवर जाळी असते. आणि हो, परडीबरोबर फुलांचा गुच्छ येत असेल, तर त्यात लिली नाही ना हे आधी पाहावे. लिलीचे परागकण अंगावरून चाटले गेले, तरी मांजरीची मूत्रपिंडे जातात, आणि तिथे ‘थोडेसे’ असे काही नसते.

इन्सुलिनची वेळ

वरची सगळी चर्चा निरोगी मांजरांची आहे, म्हणून आजारी मांजराच्या बाजूने दोन शब्द लिहितो. आमचा बोका अकरा वर्षांचा असून त्याला मधुमेह आहे. दिवसातून दोनदा इन्सुलिन द्यावे लागते. निदान होण्यापूर्वी त्याला आंब्याचा रस चाटायची सवय होती. त्यामुळे मधुमेह झाला असे मी म्हणत नाही. त्याचे सात किलो वजन हे अधिक सरळ कारण होते, आणि ते वजन आम्हीच कौतुकाने वाढवले होते. पण इन्सुलिनची मात्रा बसवताना साखरेचा आकडा मधूनच का उसळतो हे आठवडाभर कळेना, तेव्हा घरातले आजोबा त्याला गुपचूप रसाचे बोट चाटवत असल्याचे उघडकीस आले. त्यांच्या हाती आता उकडलेल्या, बिनमिठाच्या कोंबडीची वाटी दिली आहे. बोक्याची तक्रार नाही, आणि आजोबांचीही उरलेली नाही.

लघवीत खडे होणाऱ्या मांजरांसाठी जे खास खाद्य असते ते लघवीची आम्लता नेमकी ठेवण्यासाठी बनवलेले असते, आणि त्याच्यावर वरखाऊ घातला की ते गणित बिघडते, असेही आमच्या पशुवैद्यांनी सांगितले होते. मूत्रपिंडाच्या रुग्णांत पोटॅशियम कधी कमी पडते, तर कधी वाढते; तिथे केळ्यासारखे फळ द्यायचे की नाही हे रक्ताचा अहवाल पाहूनच ठरवावे.

तीन बोके एक सोफा

काल स्वयंपाकघरातल्या काट्यावर केळे ठेवून पाहिले. थोरल्याच्या वाट्याला रोज सुमारे चाळीस ग्रॅम जात होते. डॉक्टरांच्या हिशेबाने ते जवळजवळ दुप्पट भरले. आजपासून एकच चकती. पहिली चकती संपल्यावर तो माझ्या तोंडाकडे पाहत बसला, ते पाहणे मात्र कठीण गेले. द्राक्षांबद्दलचे माझे वाक्य मी मागे घेतो.

एक शंका उरली आहे. केसांचे गोळे पडू नयेत म्हणून उकडलेला लाल भोपळा द्यावा असे म्हणतात. तो चालतो का?

पांढरा कोट

चालतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तोही फळच आहे, त्यामुळे धागा सोडून बोलल्याचा आरोप आपल्यावर येणार नाही. मीठ, मसाला, साखर न घालता वाफवून, एक लहान चमचाभर लगदा ओल्या खाद्यात मिसळावा. शी कोरडी होत असेल, तर काही मांजरांना त्याने बरे वाटते. केसांच्या गोळ्यांवर मात्र रोज दहा मिनिटे ब्रश फिरवणे हा उपाय अधिक खात्रीचा आहे.

खिडकीतली चिंगी

सर्वांचे मनापासून आभार. काकूंना आणि भावाला हा धागा वाचायला दिला. दोघांनी आपापल्या सोयीचे परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवले, त्यामुळे घरात तूर्त शांतता आहे. द्राक्षे आता झाकणाच्या डब्यात गेली आहेत.

आज खरबूज आणले होते. ठरवल्याप्रमाणे नखाएवढे दोन तुकडे काढले, बिया निवडल्या आणि चिंगीच्या वाटीत नीट मांडून ठेवले. तिने येऊन वास घेतला, एका तुकड्याला जीभ लावली, मग जमिनीवर पंजा घासून तो पुरल्यासारखे केले आणि वाटीला वळसा घालून माझ्यापाशी आली. मी फोड खात होते. तिने मागच्या पायांवर उभे राहून पंजा गुडघ्याला टेकवला. शेवटी माझ्या हातातली साल तिच्यापुढे धरली, तेव्हा कुठे ती चाटू लागली. वाटीतले दोन्ही तुकडे अजून तसेच पडून आहेत.